खुर्चीतल्या बाईंचं म्हणणं

आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या वार्षिक संमेलनात मी एकपात्री प्रयोग करणार, हे मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या गैरहजेरीत ठरलं. त्या दिवशी मी दात काढायला गेलो होतो, आणि आमच्या मंडळाची अशी रीत आहे की जो सभेला येत नाही त्याच्या गळ्यात काम पडतं. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालाने मी अभिनंदन स्वीकारलं. तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे नकार देता आला नाही.

"एकट्यानेच करायचं आहे," अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या कुणाला सांभाळून घ्यायची कटकट नाही."

मी मान डोलावली. एकपात्रीत माणूस एकटा असतो, असं मलाही तेव्हा वाटत होतं.

प्रयोग बसवायला मंडळाने एक मास्तर आणले. वयाने माझ्या मुलाएवढे, दाढी मात्र माझ्या वडिलांएवढी. ते स्वतःच लिहायचे, स्वतःच बसवायचे आणि तालीम संपली की स्वतःच हळवे व्हायचे. त्यांनी लिहिलेलं नाटुकलं असं होतं. एक गृहस्थ संध्याकाळी घरी येतो. बायको खुर्चीत बसलेली आहे आणि तिच्या हातात बॅग आहे. ती घर सोडून निघाली आहे हे ओळखून गृहस्थ बोलायला लागतो. आधी समजूत घालतो, मग चिडतो, मग आपण तिच्यासाठी काय काय केलं त्याचा पाढा वाचतो आणि शेवटी "जा मग" म्हणून पाठ फिरवतो. वळून बघतो तर खुर्ची रिकामी. पडदा.

बायकोला एकही वाक्य नाही. ती बोलते, पण ते फक्त गृहस्थाला कळतं. त्याने थांबायचं, ऐकल्यासारखं करायचं आणि उत्तर द्यायचं. प्रेक्षकांनी त्याच्या उत्तरावरून ओळखायचं.

पहिल्याच तालमीत मास्तर म्हणाले, "काका, तुम्ही खुर्चीकडे बघता. खुर्चीकडे बघायचं नाही. खुर्चीत जी आहे तिच्याकडे बघायचं. ती किती उंच आहे, डोळे कुठे येतात, हे पक्कं करा. आणि ती काय बोलते ते तुम्हाला खरंच कळलं पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा वाक्य विसरला."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी सगळी नोकरी कापड गिरणीत मागांवर गेली. शेकडो माग एका छपराखाली चालतात तिथे सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यांचा खडखडाट असा असतो की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी नुसती तोंडाची वाफ लागते. तिथे कुणी आवाज वापरत नाही. ओठ हलवायचे, समोरच्याने ओठ बघायचे. आम्ही तिथे भांडायचो, थट्टा करायचो, मुकादमाला त्याच्या तोंडावर नाही नाही ते म्हणायचो, आणि सगळं बिनआवाजी. अक्षरं मी फार उशिरा शिकलो, केस पिकल्यावर, रात्रशाळेच्या बाकावर गुडघे दुमडून. पण ओठ मला मिसरूड फुटायच्या आधीपासून वाचता येत होते.

तेव्हा मास्तरांनी "ती काय बोलते ते कळलं पाहिजे" असं सांगितल्यावर दुसऱ्या एखाद्या नटाने काय केलं असतं, मला माहीत नाही. बहुतेक कान टवकारले असते. मी ओठ बघायला लागलो.

तालमीसाठी घर मोकळंच होतं. आमची ही जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा आणि सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. मी स्वयंपाकघरातली हात असलेली लाकडी खुर्ची बाहेरच्या खोलीत आणली, दाराच्या बाजूला तोंड करून ठेवली आणि रोज दुपारी समोर उभा राहून बोलायला लागलो. सोपं जावं म्हणून आधी मी खुर्चीत आमच्या हिलाच बसवायचा प्रयत्न केला. ते जमेना. ही कधी स्वस्थ बसलीच नव्हती. शिवाय माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची तिला सवय नव्हती, त्यामुळे मधल्या जागा रिकाम्या राहतच नव्हत्या. तो नाद मी सोडून दिला आणि कोण बसेल ते बसो म्हणून नुसता त्या उंचीवर बघत राहिलो.

आठवडाभर काही झालं नाही. मग एका दुपारी मी "अगं, निदान माझं ऐकून तरी घे" हे वाक्य म्हणून थांबलो आणि समोरून उत्तर आलं, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

मी बाजूला झालो. चार वाक्यं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाच्या तरी सांगण्यावरून बाजूला झालो आहे.

मी घाबरलो का, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर आधी मला अपमान वाटला. घर माझं, खिडकी माझी, आणि पहिलंच वाक्य हे. भीती नंतर आली, चहा टाकताना. मी दोन कप काढून ठेवले होते.

बाई कोण, हे मला आजही सांगता येणार नाही. पूर्ण चेहरा मला कधी दिसला नाही. ओठ दिसायचे, हनुवटी दिसायची, कधी कानाची पाळी. बाकी जागेवर खुर्चीची पाठ. पण मागांवर काम केलेल्या माणसाला तेवढं पुरतं. ती सावकाश बोलायची आणि माझं बोलणं संपेपर्यंत थांबायची. आमची ही नव्हे, एवढं त्यावरूनच नक्की झालं.

अडचण एकच होती. ती जे बोलायची ते मास्तरांच्या नाटकात बसत नव्हतं. मध्यावर माझं वाक्य होतं, "मी तुला काय कमी केलं?" त्यावर ती म्हणायची, "सांगू?" आणि नाटकात माझं पुढचं वाक्य होतं, "काही बोलू नकोस." रोज दुपारी मी तिला विचारायचो, रोज ती "सांगू?" म्हणायची आणि रोज मी तिचं तोंड बंद करायचो. शेवटी मी "जा मग" म्हणून पाठ फिरवायचो. पाठ फिरवल्यावर मागे लाकूड करकरायचं, आणि वळून बघावं तर खुर्ची रिकामी, अगदी मास्तरांना हवी होती तशी. फक्त दुसऱ्या दिवशी खुर्ची मी ठेवली होती त्याहून थोडी दाराकडे सरकलेली असायची.

बाई बोलायला लागल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी शेजारच्या नर्सबाईंनी मला जिन्यात गाठलं. यांची सगळी हयात इस्पितळात गेलेली आहे, त्यामुळे त्या कुणाशीही बोलताना आधी त्याचे डोळे तपासतात.

"काका, भिंत पातळ आहे, म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "रागावू नका. पण तुम्ही त्यांना बोलूच देत नाही हो."

"कुणाला?"

"आता ते मी काय विचारणार. तुमचा खासगी प्रश्न आहे. पण त्या बिचाऱ्या तोंड उघडतात आणि तुम्ही तोडता. रोज त्याच जागी."

"अहो, ते नाटक आहे. मी एकटाच असतो."

त्यांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. असल्या मायेने बघून घ्यायला माणसाला किमान ताप तरी असावा. "नाटकच असतं हो सगळं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी एक करा. खुर्चीवर उशी ठेवा. त्यांची कंबर धरत असणार."

मी त्यांना खुर्चीबद्दल काही सांगितलं नव्हतं. घरी येऊन उशी ठेवली. का ठेवली ते विचारू नका. इस्पितळातल्या माणसाचा सल्ला मोडवत नाही.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. हे गृहस्थ अंगाने भरदार. कुणाच्याही घरी गेले की आधी बसायला जागा शोधतात आणि मग तक्रार सांगतात. आमच्याकडे मात्र ते उभेच राहिले.

"काका, पाहुणे जास्त दिवस राहणार असतील तर कळवायचं असतं. नियम आहे."

"पाहुणे नाहीत कुणी. बसा ना."

"नको." त्यांनी खुर्चीकडे एकदा बघितलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. "मी उभाच बरा आहे. तुमच्या वयात सोबत लागते, मला समजतं. पण जिन्यातून सगळ्यांच्या देखत आणावं माणसाने. असं गुपचूप केलं की बोलणाऱ्यांची तोंडं धरता येत नाहीत."

"अहो, कुणी नाही. नाटकाची तालीम चाललीय."

"नोटिशीच्या फळ्यावर तसंच लावून देतो मग," सेक्रेटरी म्हणाले, आणि जाताना दारातून जरा वाकून, मला नव्हे, "येतो" म्हणाले.

माझ्यासारख्या सरळ माणसाची अब्रू एवढ्या थोड्या दिवसांत जाईल असं मला वाटलं नव्हतं. आणि गंमत बघा, ती दोन वाटांनी जात होती. अर्ध्या इमारतीचं मत, म्हाताऱ्याने घरात बाई आणून ठेवली आहे. उरलेल्या अर्ध्या इमारतीचं मत, घरात कुणी नाही आणि म्हातारा रिकाम्या खुर्चीशी भांडतो. पहिलं नाकारावं तर दुसरं कबूल केल्यासारखं होत होतं. कोणत्या मतात माझी इज्जत जास्त राहते याचा मी भाजी आणायला जाता-येता पुष्कळ विचार केला. बाई आणण्यात निदान धडधाकटपणा दिसत होता.

दोन्ही मतं मुलापर्यंत पोचली. त्याचा फोन आला.

"बाबा, घरात कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग बोलता कुणाशी?"

"कुणाशी नाही."

"बाबा, यातलं कुठलं उत्तर ऐकून मी निर्धास्त व्हावं असं तुम्हाला वाटतं?"

रविवारी तो आणि सूनबाई आले. मुलगा स्वभावाने वाईट नाही. काळजी करणारा आहे, आणि काळजी करणाऱ्या माणसापुढे काही चालत नाही. त्यांनी त्यांच्याकडची मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली होती. भिंतीला आधाराची दांडी बसवली होती. खिडकी बंदच राहील अशी केली होती.

"तुम्ही एकटे राहू नये असं आम्हाला वाटतं," मुलगा म्हणाला. "हे घर भाड्याने देऊ. तुमचं सामान असं काय आहे?"

"मी तालीम करतोय रे. एकपात्री."

"सगळे तेच सांगतात मला. नर्सबाई पण म्हणाल्या, 'तालीमच म्हणायची.' म्हणताना डोळे पुसत होत्या."

सूनबाई मध्ये पडली. "असं करू या का? संमेलनाला आपण जाऊ. प्रयोग नीट झाला, वाक्यं वगैरे सगळी बरोबर आली, तर बाबा म्हणतात ते खरं. मग विषय संपला."

"आणि मध्येच थांबले, भलतंच काही बोलायला लागले, तर?" मुलाने विचारलं.

"तर तिथूनच तुमच्या घरी," मी म्हणालो. मलाच म्हणावं लागलं. माणसाला आपला मान राखायचा असला की असं काहीतरी तोंडून जातं.

त्यांनी माझे चार कपडे त्याच दिवशी गाडीत ठेवले, उगीच धावपळ नको म्हणून. निघताना मुलगा खुर्चीपाशी जरा घुटमळला. हा आमचा मुलगा आमच्या ओठांवर वाढलेला. ही पण गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. घरात त्याच्याबद्दल काही बोलायचं असलं की आम्ही दोघं आवाज बंद करून बोलायचो, आणि एके दिवशी ताटावरून मान वर करून त्याने मध्येच उत्तर दिलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात गुपित राहिलं नाही. आता तो खुर्चीकडे बघत होता आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही. उशी कशाला ठेवलीय?"

"कंबर धरते," मी म्हणालो आणि जीभ चावली.

थोडक्यात, माझं घर आता मास्तरांच्या संहितेवर उभं होतं. शब्द न् शब्द बरोबर यायला हवा होता. मी बाईंना तसं समजावून सांगितलं. म्हणालो, "हे बघा, माझ्या राहत्या घराचा प्रश्न आहे. तेवढा एक दिवस माझ्याशी बोलू नका." तिने नुसते ओठ मिटले. ते मिटलेले ओठ मला वाचता आले नाहीत.

प्रयोगाआधी संहितेला मंजुरी लागते. मंजुरीच्या सरकारी कचेरीतल्या अधिकाऱ्याने कागद उलटसुलट करून बघितले. "यात दोन माणसं आहेत."

"एकच आहे. मी."

"तुम्ही 'असं म्हणतेस?' विचारता. म्हणजे ती काहीतरी म्हणते. काय म्हणते?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग मी मंजूर काय करू?" त्याने चष्मा काढला. "उद्या ती काहीही बोलेल. कुणाच्या भावना दुखावणारं बोलेल. जबाबदारी कुणाची?"

"साहेब, ती नाहीच आहे."

"नसलेल्या माणसाला आवर घालणं आणखी कठीण," अधिकारी म्हणाला, आणि मला त्याची हुशारी पटली. शेवटी मी लेखी हमी दिली की खुर्चीतील महिला प्रयोगादरम्यान काहीही बोलणार नाही. खाली माझी सही. लिहायला उशिरा शिकलेल्या माणसाला आपली सही फार खरी वाटते.

संमेलनाच्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं. सभागृह म्हणजे एरवी व्यायामाचा हॉल. पुढची रांग ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी राखलेली असते. आमच्या मंडळात ऐकू न येणारे म्हणजे सगळे गिरणीवाले. मागांनी आमचे कान खाल्ले, माझे तेवढे वाचले. तेव्हा पहिल्या रांगेत माझे जुने साथीदार एका ओळीत बसले होते. त्यांच्या मधोमध कांडीखात्यातली एक थोराड बाई होती. आम्ही तिला कर्णा म्हणतो, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि त्यामुळे तो सगळ्यांना येतो. तिसऱ्या रांगेत मुलगा आणि सूनबाई. कोपऱ्यात मंजुरीवाला अधिकारी, फुकटच्या पासावर.

घरची खुर्ची मी मुद्दामच नेली नव्हती. हॉलची एक पत्र्याची घडीची खुर्ची मागून घेतली. म्हटलं, बाईंना पत्ता लागायचा नाही. पडदा उघडला तेव्हा ती बसलेली होती.

मी सुरुवात केली. वाक्यं धडाधड येत होती. मास्तर विंगेत उभे राहून माझ्याबरोबर ओठ हलवत होते. मी थांबायचो, खुर्चीकडे बघायचो, उत्तर द्यायचो. बाई माझ्या सांगण्याप्रमाणे गप्प होती. मुलगा खुर्चीत मागे रेलून बसला, हाताची घडी सुटली. मला वाटलं, जिंकलं.

मग माझी नजर पहिल्या रांगेवर गेली.

मी बोलायचो तेव्हा रांगेतली सगळी डोकी माझ्याकडे असायची. मी थांबलो की सगळी एकदम खुर्चीकडे वळायची. पुन्हा माझ्याकडे. पुन्हा खुर्चीकडे. नट खुर्चीकडे बघतो म्हणून लोक बघतात, असं मी स्वतःला सांगितलं. पण एका थांब्याला रांगेतले तिघे हसले, मी काहीही बोललेलो नसताना, आणि कर्णा मान हलवून "खरं आहे गं" म्हणाली. ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. मी बाईंच्या ओठांकडे बघितलं. ओठ नुकतेच मिटत होते.

माझ्याशी न बोलण्याचं तिने पाळलं होतं. रांगेशी बोलू नये असं मीच सांगितलं नव्हतं.

मी वेग वाढवला. दोन थांबे गिळले. मास्तरांनी विंगेतून हात नाचवले. आणि धावत धावत मी त्या वाक्यापाशी येऊन पोचलो.

"मी तुला काय कमी केलं?"

"सांगू?" बाई म्हणाली.

पहिली रांग माझ्याकडे वळली. एवढी म्हातारी माणसं, पण पापणी हलत नव्हती कुणाची. त्यांच्या मागच्यांना काही कळलं नव्हतं, तरी पुढची डोकी वळली म्हणून त्यांचीही वळली. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. "काही बोलू नकोस." एवढं म्हटलं की नाटक पुढे सरकत होतं, माझं घर माझं राहत होतं, अधिकाऱ्याला दिलेली हमी पाळली जात होती. तिसऱ्या रांगेत मुलगा पुढे वाकला होता. त्याला वाटत असणार, बाबा अडकले.

मी रोज दुपारी तिला हा प्रश्न विचारला होता आणि एकदाही उत्तर घेतलं नव्हतं. भिंतीपलीकडच्या नर्सबाईंनासुद्धा ते सहन झालं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सांग."

विंगेत मास्तरांनी कपाळाला हात लावला.

बाई बोलायला लागली. मी वेगळंच काही ऐकायच्या तयारीने उभा होतो. गाऱ्हाणी असतील, शिव्या असतील. तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "मी निघाले आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी आत्ता आलेय. म्हणून बॅग हातात आहे. लांबून आलेय. बसले जरा दम खायला, तर तुम्ही बोलायलाच सुरुवात केली. ठेवू कुठे ही बॅग, एवढं विचारायचं होतं. तुम्ही रोज 'जा' म्हणता."

मी उभा होतो तसाच उभा राहिलो. सभागृहाला काय दिसत होतं ते मला नंतर सांगण्यात आलं: एक म्हातारा, एक पत्र्याची खुर्ची, आणि बराच वेळ काहीच नाही. पण कुणी खोकललं नाही म्हणे. पंखे बंद असून हॉल गार पडला, असंही सूनबाई म्हणाली.

माझ्याजवळ वाक्य नव्हतं. मास्तरांनी लिहिलेलं उपयोगाचं नव्हतं आणि मला स्वतःला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून कर्णाचा आवाज आला, "अहो, नुसते उभे काय राहिलात. बॅग घ्या की तिच्या हातातली."

लोक हसले. मीही पुढे झालो आणि हात पुढे केला. अभिनयात अशा वेळी हाताला वजन आणायचं असतं, मास्तरांनी मला ते शिकवलं होतं आणि मला कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी जमवावं लागलं नाही. माझा खांदा एकदम खाली गेला. दोन्ही हातांनी उचलून मी ती बॅग आतल्या बाजूला, माझ्या पायांशी ठेवली, आणि फळ्यांवर झालेला आवाज ऐकू न येणाऱ्यांखेरीज सगळ्यांनी ऐकला.

मग पंचाईत अशी झाली की पडदा पडेना. पडदेवाल्याला "जा मग" या शब्दांवर पडदा टाकायला सांगितलं होतं, आणि ते शब्द आता काही केल्या माझ्या तोंडून येणार नव्हते. मी जमिनीवरच बसलो, खुर्चीशेजारी. आम्ही तसे बसून राहिलो. शेवटी मास्तरांनी स्वतः जाऊन दोरी ओढली.

टाळ्या पुष्कळ झाल्या. पहिली रांग उभी राहून खुर्चीकडे बघत टाळ्या वाजवत होती, त्यात माझा वाटा किती ते मी विचारलं नाही. मास्तर डोळे पुसत आले आणि शेवट आपणच असा सुचवला होता असं सगळ्यांना सांगायला लागले. अधिकारी आत आला. "तुम्ही हमी दिली होती," तो म्हणाला. "त्या बोलल्या."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू नाही आलं. पण बोलल्या." तो खुर्चीपासून दोन हात लांब उभा होता. "काही आक्षेपार्ह नव्हतं ना?"

"नाही."

"मग राहू द्या," तो म्हणाला, आणि जरा घाईनेच गेला.

मुलगा बाहेर गाडीपाशी उभा होता. मी जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. ठरल्याप्रमाणे मी हरलो होतो. मध्येच थांबलो होतो, भलतंच बोललो होतो, जमिनीवर बसलो होतो. माझे कपडे डिकीत होतेच.

"चल," मी म्हणालो. "बोलल्याला जागतो मी."

त्याने मला पुढे बसवलं. सूनबाई मागे बसली. मग त्याने मागचं दुसरं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. एखादी वयस्क बाई पदर सावरून, डोकं सांभाळून आत बसेल इतका वेळ तो उभा होता. मग त्याने दार हलकेच लावलं. सूनबाईला ओठबीठ काही वाचता येत नाहीत, पण ती न सांगता खिडकीकडे सरकली आणि आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

गाडी निघाली. चौकात लाल दिवा लागला. तिथून डावीकडे मुलाचं घर आणि उजवीकडे माझं. गाडी मधल्या रांगेत उभी होती, कुठल्याच बाजूचा दिवा लावलेला नव्हता. मुलाने वरचा आरसा थोडा खाली केला आणि मागच्या सीटकडे बघितलं. तो बघत राहिला. मधेच एकदा त्याने मान डोलावली. मला माझ्या जागेवरून आरशात नुसतं गाडीचं छत दिसत होतं, आणि मागे वळून बघायचं धैर्य मला झालं नाही.

"बरं," मुलगा आरशाला म्हणाला आणि उजव्या बाजूचा दिवा लावला.

गाडी माझ्या घराच्या रस्त्याला लागली. मग मी न राहवून विचारलं, "काय म्हणाली?"

"तुमच्याबद्दल नव्हतं ते," मुलगा म्हणाला.